कुत्र्याच्या सोयीची सुरुवात फरशीपासून

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

घरसजावट आणि फ्लॅटचं नूतनीकरण यांवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत नेमाने लिहिलं जातं. घरात कुत्रा असेल तर काय करावं, हा विषय मात्र एक मऊ गादी आणि दोन भांडी एवढ्यावर आटोपतो. मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपलेला असतो आणि उरलेला बराच वेळ फरशीवर वावरतो. त्याचं घरातलं जगणं जमिनीपासून दोन फुटांच्या आत चालतं. त्यामुळे त्याच्या सोयीचा विचारही जमिनीपासूनच करायला हवा. आज शहरांतल्या बहुतेक नव्या घरांत बसवली जाणारी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल त्याच्या पायांना सगळ्यांत गैरसोयीची आहे. कुत्रा पाळणाऱ्यांपर्यंत, घर बांधणाऱ्यांपर्यंत आणि सोसायट्यांच्या कार्यकारिणीपर्यंत हे पोहोचावं, म्हणून हे पत्र.

कुत्रा चालताना दोन गोष्टींच्या जोरावर पकड घेतो: पंजाच्या गाद्या आणि नखं. माती, गवत, शेणाने सारवलेली जमीन किंवा खरबरीत शहाबादी फरशी यांवर गादी चिकटून राहते आणि पळताना, वळताना नखं रुततात. पॉलिश केलेल्या टाइलमध्ये नख रुतण्यासारखं काहीच नसतं. उलट नखं वाढलेली असली तर ती आधी टेकतात आणि गादी जमिनीपासून उचलली जाते. मग पाय बाहेरच्या बाजूला फाकतो. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे घसरण्याची सुरुवात बहुधा मागच्या पायांपासून होते. तो सावरण्यासाठी खुबा आणि गुडघा आवळून धरतो. दिवसभर असं आवळून चालल्याने मांडीच्या आतले स्नायू दुखावतात. खुब्याचा सांधा मुळात सैल असेल, आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर या जातींत तो पुष्कळदा असतो, तर दुखणं लवकर वर येतं.

आपला कुत्रा घसरतो आहे हे बऱ्याच घरांत लक्षात येत नाही, कारण तो धाडकन पडत नाही. काही खुणा पाहाव्यात. तो खोलीच्या मधून न जाता भिंतीच्या कडेने जातो का? एका पायपुसण्यावरून दुसऱ्या पायपुसण्यावर उडी मारतो का? स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो, हाक मारली तरी आत येत नाही? बसल्या जागेवरून उठताना पुढचे पाय रोवतो आणि मागचे दोन-तीनदा सरकतात? जेवताना मागचे पाय हळूहळू मागे जात पसरतात? यातलं काहीही दिसलं की ‘म्हातारा झाला’ किंवा ‘हट्टी आहे’ असं म्हणण्याआधी त्याला अंगणात किंवा मैदानात मातीवर चालवून पाहावं. तिथे चाल मोकळी आणि घरात अवघडलेली असेल, तर आधी फरशीकडे लक्ष द्यावं. दोन्हीकडे अवघडलेली असेल, तर पशुवैद्यकाकडे न्यावं.

पहिला उपाय फुकटचा आहे. कुत्र्याला आडवं करून पंजा उलटा पाहा. गाद्यांच्या मधले केस वाढून गाद्यांवर आले असतील, तर तो मोजे घालून चालल्यासारखा घसरणार. शित्झू, ल्हासा, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल, पॉमेरेनियन यांच्यात हे हमखास दिसतं. बोथट टोकाच्या लहान कात्रीने किंवा ट्रिमरने हे केस गादीच्या पातळीला आणावेत, बोटांच्या खाचेत कात्रीचं टोक खुपसू नये. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पाहावं.

नखांचं माप सोपं आहे. कुत्रा सपाट जमिनीवर सरळ उभा असताना नख टेकता कामा नये. चालताना टक-टक आवाज येतो म्हणजे नखं वाढली आहेत. पांढऱ्या नखात आतला गुलाबी, जिवंत भाग दिसतो, त्याच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे कापावं. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून एका वेळी एकेक मिलिमीटरची चकती काढावी. कापलेल्या भागाच्या मध्यावर ओलसर, गडद ठिपका दिसू लागला की थांबावं. रक्त आलंच तर तुरटीची पूड चिमटीने दाबून धरावी, दोन-तीन मिनिटांत थांबतं. फार वाढलेली नखं एका बैठकीत आखूड करता येत नाहीत, कारण आतला जिवंत भागही लांबलेला असतो. दर आठवड्याला थोडं थोडं कापत गेलं की तो मागे सरकतो. आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं अंगठ्याचं नख विसरू नये. ते झिजत नाही, गोल वळून कातडीत घुसतं.

आता फरशी. सगळ्या घरभर गालिचा अंथरण्याची गरज नाही. कुत्र्याचे रोजचे रस्ते ठरलेले असतात: झोपायची जागा, पाण्याचं भांडं, माणसं बसतात ती जागा, मुख्य दार आणि शी-शूला जाण्याचं ठिकाण. या रस्त्यांवर किमान दोन फूट रुंदीची सलग पट्टी हवी. मोठ्या जातीला अडीच फूट. सलग हा शब्द महत्त्वाचा. मधे दीड फूट टाइल उघडी राहिली तर कुत्रा तिथे उडी मारतो आणि नेमका उडीच्या शेवटी घसरतो. जिथे तो वळतो, सोफ्यावरून उतरतो किंवा दारावरची बेल वाजल्यावर धावत सुटतो, तिथे पट्टी रुंद करावी, कारण इजा सरळ चालताना क्वचित होते, वेगात वळताना होते.

कापडी सतरंजी किंवा सुती चटई नुसती टाकली तर ती कुत्र्यासकट सरकते आणि उघड्या टाइलपेक्षा धोकादायक ठरते. तिच्याखाली जाळीदार रबरी अस्तर घालावं. गालिच्याखाली घालायचं हे अस्तर फर्निशिंगच्या दुकानात मिळतं, ते चटईपेक्षा सगळीकडून एकेक इंच लहान कापावं म्हणजे कडा उचलत नाहीत. मागून रबर लावलेले लांब पायपुसणे, चार ते सहा मिलिमीटर जाडीच्या योगासनाच्या चटया, किंवा खाचा असलेली रबर शीट यांतलं काहीही चालतं. रबर शीट आणल्यावर दोन दिवस गॅलरीत टाकावी, वास गेला की आत घ्यावी. मुलांच्या खोलीतल्या, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या रंगीत चौकटी पकड चांगली देतात, पण कुरतडणारा कुत्रा त्यांचे तुकडे गिळतो आणि ते आतड्यात अडकतात. पिल्लू आणि चावरं जनावर असलेल्या घरात त्या नकोत. काथ्याची चटई दारात उत्तम, झोपायला मात्र खरबरीत. चटईचा रंगही निवडता येतो. कुत्र्याला निळा आणि पिवळा चांगला दिसतो, लाल आणि हिरवा त्याला जवळजवळ सारखेच मळकट भासतात. फरशी फिकट असेल तर गडद निळी पट्टी अधू नजरेच्या कुत्र्याला पटकन ओळखता येते.

फरशी पुसण्याचाही घसरण्याशी संबंध आहे. बादलीत झाकणभर सांगितलेलं क्लीनर तीन-चार झाकणं ओतलं की टाइलवर बुळबुळीत थर राहतो. वाळल्यावर तो आपल्याला जाणवत नाही, पण पंजाला जाणवतो. बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच घ्यावं आणि नंतर एकदा साध्या पाण्याने पुसावं. फिनेल वापरत असाल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावं. तो पंजे चाटतो, म्हणजे फरशीवर जे टाकाल ते त्याच्या पोटात जातं. काळं फिनेल कुत्रा असलेल्या घरात आणूच नये. घरात शू झालेली जागा अमोनिया असलेल्या क्लीनरने पुसली तर त्या वासामुळे तो पुन्हा तिथेच जातो. टिपून घ्यावं, साध्या पाण्याने धुवावं आणि मग पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमचं क्लीनर लावून बाटलीवर सांगितलेला वेळ तसंच ओलं ठेवावं.

ज्यांचं घर अजून तयार होतं आहे किंवा जे टाइल बदलणार आहेत, त्यांनी दुकानात ग्लॉसी ऐवजी मॅट फिनिश मागावं आणि टाइलचा आर-क्रमांक विचारावा. घसरण्याच्या चाचणीवरून आर-९ ते आर-१३ अशी ही श्रेणी असते, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. घरात आर-१०, न्हाणीघर आणि गॅलरीत आर-११ पुरेशी होते. मॅट टाइल मळखाऊ असते, पुसताना हात जास्त चालवावा लागतो, अशी तक्रार येईल. ती खरी आहे. पण घरातल्या वयस्कर माणसांच्या पायांनाही तीच टाइल लागते, तेव्हा हा खर्च एकट्या कुत्र्यासाठी धरू नये. कोटा किंवा शहाबादी घालणार असाल तर आरशासारखं पॉलिश करून घेऊ नका.

पिल्लांच्या बाबतीत हे आणखी कळकळीने सांगायला हवं. लॅब्रॅडॉर, न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या मोठ्या जातींच्या पिल्लांवर नॉर्वेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिने पुरे होण्याआधी रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याच्या बिघाडाचा धोका जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हिंडायला मिळालेल्या पिल्लांत तो कमी होता. म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या मोठ्या जातीच्या पिल्लाला जिन्यावरून उचलून न्यावं, आणि गुळगुळीत टाइलवर चेंडू फेकून पळवू नये. चेंडूचा खेळ मातीवर खेळावा.

झोपायच्या जागेबद्दल. कठीण फरशीवर कायम पडणाऱ्या जड कुत्र्याच्या कोपरांवर घट्टे पडतात, कधी तिथे पाण्याची गाठ होते. गादी पुरेशी जाड आहे का, हे पाहण्यासाठी तिच्यावर गुडघा टेकून वजन टाकावं. खालची फरशी लागली तर ती कमी आहे. लॅब्रॅडॉरएवढ्या कुत्र्याला चार इंच घट्ट फोम लागतो. दुकानातली बरीच गुबगुबीत गादी आतून कापसाच्या पोळीसारख्या तंतूंची असते, महिन्या-दोन महिन्यांत मध्यभागी चपटी होते. गादीवाल्याकडून घट्ट फोम कापून घेणं स्वस्त आणि टिकाऊ पडतं. लांबी मोजताना नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत माप घेऊन त्यात वीस-पंचवीस सेंटिमीटर मिळवावेत. फोमवर रेक्झिनची किंवा पाणी न झिरपणारी खोळ आणि तिच्यावर जुन्या साड्यांची गोधडी. गोधडी धुता येते, वाळते, नखांनी फाटली तरी शिवता येते. मराठवाड्यातला कारवान किंवा पश्मी जातीचा सडपातळ शिकारी कुत्रा घरात असेल तर गादी जास्तच हवी. अंगावर चरबी नसल्याने त्यांची हाडं थेट टेकतात, आणि थंडीत ते कुडकुडतात.

गादीची जागा दोन भिंतींच्या कोपऱ्यात, माणसं दिसतील अशी, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नको. वाटेत झोपलेल्या कुत्र्याला दर पाच मिनिटांनी कुणी ओलांडतं, त्याची झोप पुरी होत नाही आणि लहान मुलावर गुरगुरण्याचे प्रसंग तिथूनच सुरू होतात. ‘तो गादीवर असताना त्याला हात लावायचा नाही’ हा नियम घरातल्या मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावा.

उन्हाळ्यात मात्र कुत्रा गादी सोडून उघड्या टाइलवर पसरतो, कारण ती थंड असते. तेव्हा त्याला जबरदस्तीने गादीवर आणू नये. त्याच्या आवडीची एक जागा उघडीच ठेवावी आणि तिच्या कडेला, उठताना मागचे पाय पोहोचतील अशी, रबरी पट्टी ठेवावी. म्हाताऱ्या कुत्र्याला टाइलवर थोडा वेळ झोपायला काही होत नाही. त्रास उठताना होतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडासा येतो. तो धापा टाकून, जीभ आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून अंग थंड करतो. म्हणून कोरड्या कुत्र्यावर नुसता पंखा लावून फारसा उपयोग नसतो. पोट, जांघा आणि पंजे ओले करून पंखा लावला तर होतो. विदर्भात, मराठवाड्यात वाळ्याचा कूलर चांगलं काम करतो, कारण हवा कोरडी असते. मुंबई, कोकण, गोव्यात कूलर दमटपणा वाढवतो आणि दमट हवेत धापा टाकूनही वाफ होत नाही. तिथे खेळती हवा किंवा एसी हवा, २५-२६ अंशांवर ठेवला तरी पुरतो. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाची वाटच अरुंद असल्याने त्यांची काळजी सगळ्यांत जास्त घ्यावी. हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांचे केस उन्हाळ्यात वस्तऱ्याने साफ उतरवू नयेत. वरचे केस उन्हापासून वाचवतात आणि पुन्हा उगवताना खराब येतात. रोज विंचरून आतली मेलेली लव काढावी, तेवढ्याने हवा लागते.

कुत्र्याला पाणी दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर लागतं. वीस किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर, उन्हाळ्यात आणखी जास्त. दोन वेगवेगळ्या खोल्यांत दोन भांडी ठेवावीत, म्हणजे एक सांडलं तरी दुसरं असतं. भांडं जड, पसरट, स्टीलचं किंवा मातीचं असावं आणि त्याच्याखाली रबरी चकती हवी. सरकणाऱ्या भांड्याच्या मागे कुत्रा घसरत जातो आणि शेवटी पाणी कमी पितो. भांडं रोज घासावं, आत हात फिरवल्यावर बुळबुळीत लागता कामा नये. कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नये.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली आहे, हिरड्या लालभडक दिसतात, चालताना झोकांड्या जातात, ही उष्माघाताची लक्षणं. लगेच नळाच्या साध्या पाण्याने सगळं अंग भिजवावं, पंखा लावावा आणि भिजवत भिजवतच दवाखाना गाठावा. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये. सगळे कामावर जातात अशा पश्चिमेकडच्या किंवा सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात कुत्र्याला दुपारी कुठल्या खोलीत ठेवायचं, हे त्या खोलीत दुपारी तीन वाजता बसून ठरवावं. बंद गॅलरी हे उत्तर कधीच नसतं.

पावसाळ्यात गोचिडांचा प्रश्न येतो. तो अंगापेक्षा घराचा जास्त आहे, हे न समजल्यामुळे लोक महिनोन्‌महिने पावडर लावत बसतात. आपल्याकडे कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचीड घरातच पूर्ण आयुष्य काढते. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीवर चढते आणि दाराची चौकट, फोटोची मागची बाजू, पडद्याची पट्टी, स्कर्टिंगच्या फटी अशा ठिकाणी हजारो अंडी घालते. पिल्लं, मधली अवस्था आणि मोठी गोचीड, तिन्ही वेळा ती कुत्र्यावर चढते आणि तिन्ही वेळा उतरून फटीत जाते. उपाशी गोचीड महिनोन्‌महिने तग धरते. म्हणून कुत्र्याच्या अंगावर दहा दिसल्या तर घरात त्याच्या कितीतरी पट असतात.

आधी टॉर्च घेऊन वरून खाली फटी तपासाव्यात. स्कर्टिंग आणि चौकटीच्या फटी व्हाइट सिमेंटने बुजवाव्यात. फटी व्हॅक्यूमने ओढून घ्याव्यात आणि त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाकावी. गोधडी आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावी. कुत्र्याला पशुवैद्यकाने दिलेली, महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा द्यायची गोळी सुरू करावी. त्याला पूर्वी फिट आली असेल तर ते आधी सांगावं, कारण या गोळ्यांपैकी काहींनी फिट येऊ शकते. गोळी चालू असलेल्या कुत्र्याला चावलेली गोचीड मरते, त्यामुळे घरातली पिढी हळूहळू संपत जाते. याला तीन-चार महिने लागतात, गोचीड दिसेनाशी झाली म्हणून मधे थांबू नये. गुरांसाठीचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणं धोक्याचं आहे, दरवर्षी त्यातून विषबाधा होतात. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि स्पिरिटमध्ये टाकावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल लावू नये. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासावं. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांतून येणारे आजार वेळेत कळले तर बरे होतात.

पावसातून आल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी करणं अंग पुसण्यापेक्षा जास्त गरजेचं असतं. तिथे ओल राहिली की बुरशी होते, कुत्रा चाटत राहतो आणि केस तांबूस होतात. दाराशी जुना टॉवेल टांगलेला असावा.

दिवाळीसाठी एक खोली आधीच तयार करावी: रस्त्यापासून सर्वांत आतली, खिडक्या कमी असलेली. जाड पडदे, खाटेखाली गादी, तिच्यावर चादर सोडून केलेला आडोसा. त्या आडोशात तीन-चार आठवडे आधीपासून रोज खाऊ द्यावा, म्हणजे फटाके सुरू झाले की तो आपणहून तिथे जाईल. संध्याकाळचं फिरणं अंधार पडायच्या आत उरकावं. फिरताना पट्टा दुहेरी असावा आणि गळ्यात फोन नंबरची चकती. घाबरून पळालेले कुत्रे याच दिवसांत हरवतात. तो जवळ येऊन बसला तर त्याला थोपटावं. त्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. दरवर्षी थरथर कापणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्यासाठी भीती कमी करणारी औषधं आहेत, पण ती दिवाळीच्या पंधरा दिवस आधी पशुवैद्यकाला विचारून एकदा देऊन पाहावी लागतात. नुसतं अंग सुस्त करणारं औषध दिलं तर कुत्रा हलत नाही, मात्र भीती तशीच राहते.

म्हाताऱ्या कुत्र्यासाठी सोफ्याला किंवा पलंगाला उतार करून घेणं ही सुताराच्या एका दिवसाची गोष्ट आहे. चूक नेहमी एकच होते: उतार फार उभा करतात. उंचीच्या किमान सव्वातीनपट लांबी हवी. सोफा ४५ सेंटिमीटर उंच असेल तर फळी १४५ ते १५० सेंटिमीटर लांब. लॅब्रॅडॉरसाठी ४० सेंटिमीटर रुंद, १८ मिलिमीटरचं प्लायवूड, मधे खालून एक टेकू. वर रबर शीट पूर्ण चिकटवावी, दोन्ही कडांना पाच सेंटिमीटरची पट्टी मारावी म्हणजे पाय बाहेर जात नाही, आणि खालच्या टोकाला रबरी बूट बसवावेत. पहिले दोन-तीन दिवस फळी जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावरून खाऊ देत चालवावं, मग एक टोक विटेवर, मग पूर्ण उंचीवर. हलणाऱ्या फळीवर एकदा घाबरलेला कुत्रा पुन्हा चढत नाही. तेवढी जागा नसेल तर १० ते १२ सेंटिमीटर उंचीच्या आणि ३० ते ३५ सेंटिमीटर खोलीच्या पायऱ्या कराव्यात.

जिन्यावर मागच्या पायांना आधार द्यायला टॉवेलची लांब घडी पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे घ्यावी आणि दोन्ही टोकं वर धरावीत. नर असेल तर लघवीच्या जागेवर दाब येणार नाही असं पाहावं. वजन हाही सोयीचाच भाग आहे. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात. सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला कधीही देऊ नयेत. यकृत, मूत्रपिंड आणि आतडी यांना त्यांनी गंभीर इजा होते. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात.

घरातल्या काही वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर हलवाव्यात: डांबरगोळ्या, उंदराचं औषध, डासांच्या लिक्विडची जोडणी, चार्जरच्या वायरी. कुंड्यांत कण्हेर आणि सायकस नको, दोन्ही अतिशय विषारी आहेत. द्राक्षं, मनुका आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मानलं जातं आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे फराळाचे बेदाणे घातलेले लाडू आणि चिंचेचा कोळ, दोन्ही त्याच्या तोंडापासून दूर. चॉकलेट आणि कांदाही.

शेवटी सोसायट्यांसाठी. लिफ्टची लॉबी आणि जिना इथे पॉलिश केलेला ग्रॅनाइट असतो आणि घरात नीट चालणारा कुत्राही तिथे घसरतो. पायऱ्यांच्या कडेला खरबरीत चिकटपट्ट्या लावायला फार खर्च येत नाही, आणि पावसाळ्यात त्या सगळ्यांनाच उपयोगी पडतात. कुत्र्याला लिफ्ट वापरू न देणारे ठराव काही सोसायट्या अजून करतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला पाच मजले चढायला लावणं ही त्याला रोज होणारी इजा आहे. कुत्रा पाळणाऱ्यांनीही लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरावा, कुणाला भीती वाटत असेल तर पुढची लिफ्ट घ्यावी आणि घाण झाली तर लगेच उचलावी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जिन्याच्या चिकटपट्ट्यांचा विषय मांडावा, अशी सर्व सभासदांना विनंती आहे. आपल्या वास्तुविषयक पुरवणीत टाइल निवडण्याबद्दल लिहिताना आर-क्रमांकाची माहितीही द्यावी, ही आपल्याला विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक, पुणे